बंदुकीचे म्हणणे

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत अशी एकही जुनी दुनळी बंदूक नसेल, जिची प्रकृती आमच्या मामेसासऱ्यांना तिच्या मालकापेक्षा जास्त ठाऊक नाही. मालकाचा रक्तदाब किती आणि साखर किती, हे त्याच्या घरच्यांनाही चटकन सांगता येणार नाही. पण त्याच्या माळ्यावरच्या बंदुकीच्या डाव्या नळीत, तोंडापासून चार बोटं आत, मुगाच्या दाण्याएवढा गंजाचा खड्डा आहे, हे मामा जेवता जेवता सांगतात. लग्नकार्यात भेटलेल्या माणसाला ते "काय, बरं हाय ना?" असं विचारतात, तेव्हा तो बिचारा आपल्या गुडघ्यांविषयी बोलायला लागतो. मामांनी चौकशी त्याच्या बंदुकीची केलेली असते. "गुडघं ऱ्हाऊ द्या," ते म्हणतात, "पावसाळ्यात तिला माळ्यावरनं खाली काढली का नाय?"

हे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. रसायनीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांची उभी हयात गेली. मामी गेल्यापासून भिसेगावात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकटे राहतात आणि जेवायला आमच्याकडे असतात. वय चौऱ्याहत्तर. कुणाला वारसाच्या नावावर बंदुकीचा परवाना चढवायचा असतो, कुणाला आजोबांची बंदूक परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात द्यायची असते, कुणाला नुसतंच जाणून घ्यायचं असतं की आपल्याकडे आहे ते रत्न की भंगार. अशी सगळी माणसं मामांकडे येतात. माझं तहसील कचेरीजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, म्हणून त्यांची लेखनिक मी. माझ्याकडे स्कूटी आहे, म्हणून सारथीही मीच. ही दोन्ही पदं मला कुणी विचारून दिलेली नाहीत. आदल्या दिवशी भाजी वाढताना समोरून फक्त सूचना येते, "सूनबाई, उद्या साडेनवाला कशेळ्याला जायचं हाय गं," आणि मी दुकानाच्या दारावर "काकू बाहेर गेल्या आहेत" अशी पाटी लावते. गावातल्या लोकांना आता त्या पाटीचा अर्थ कळतो. कुठे तरी बंदूक आजारी आहे.

गंमत अशी, की मामांनी आयुष्यात एकदाही बार काढलेला नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत हा गृहस्थ कानात कापसाचे बोळे घालून वावरतो. गल्लीत लवंगी फटाका लागला तरी त्यांच्या हातातली कपबशी हिंदकळते. मी एकदा चिडवलंही, की मामा, शिकाऱ्यांचे गुरू ना तुम्ही? त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "बाराचा आवाज दारूचा आसतो गं. बंदुकीचा आवाज वायला. तो आयकायला दारू लागत नाय."

तो वेगळा आवाज ऐकण्याचा त्यांचा विधी मी आजवर शे-दीडशे घरांत पाहिला असेन. बंदूक त्यांच्याकडे आणायची नाही, हा पहिला नियम. परवाना ज्याचा, बंदूक त्याच्याच घरात, आणि मामा तिच्या दारी. दुसरा नियम, काम दिवसाउजेडीच, कारण नळीच्या आतलं सूर्याच्या उजेडात दिसतं तसं विजेच्या दिव्यात दिसत नाही. फोटो पाठवणाऱ्याला तर ते उत्तरच देत नाहीत. घरात शिरल्यावर आधी हात साबणाने धुवायचे, आपले आणि मालकाचेही. मग पिशवीतून मापाची साधनं, लहान आरसा आणि सुतळी निघते. नळ्या मागच्या लाकडी दस्त्यापासून सुट्या करून सुतळीच्या फासात टांगायच्या, डाव्या हाताने उंच धरायच्या आणि उजव्या हाताच्या पेराने हलकेच टिचकी मारायची. दोन नळ्यांचा जोड शाबूत असेल, तर देवळातल्या घंटेसारखा लांब आवाज निघतो. जोड कुठे सुटला असेल, तर फुटक्या मडक्यासारखा ठप्प. पण टिचकी मारण्याआधी एक गोष्ट व्हावी लागते: मामा तोंडातली कवळी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. "कवळी सूर धरते," असं त्यांचं म्हणणं आहे. एका घरच्या बाईंनी हा बोळका पाहुणा बघून त्यांच्यापुरतं मटण बाजूला ठेवलं आणि मोठ्या मायेने दूधभात कालवून आणला. मामांनी तो मुकाट्याने खाल्ला, पण परतीच्या वाटेवर नेरळ येईपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

तपासणी झाली की अहवाल. तो मी टाइप करते आणि त्याचा नमुना मामांनी स्वतः ठरवलेला आहे. पानाला मधोमध एक उभी रेघ. डावीकडे मथळा, 'घरच्यांचे म्हणणे'. उजवीकडे, 'बंदुकीचे म्हणणे'. खाली एका ओळीत किंमत. डावीकडच्या रकान्यात घरचे जे सांगतील ते शब्दशः लिहायचं, त्यात काना-मात्रेचाही बदल करायचा नाही. या रकान्यात मी इतके वाघ टाइप केले आहेत, की ते सगळे खरोखर असते तर भीमाशंकरपासून माथेरानपर्यंत माणसाला पाय ठेवायला जागा उरली नसती. प्रत्येक घरच्या आजोबांनी एक तरी मारलेला आहेच, आणि तोही एका बारात. मग उजवा रकाना सुरू होतो: "उजवी नळी झिजलेली, डावी जवळजवळ कोरी. मालक घाईघाईने पुढच्याच, म्हणजे उजव्या नळीच्या, चापावर बोट ठेवणारा. वाघापुढे असा माणूस टिकत नाही. कबुतरे, फार तर ससा." एका घरातून आम्हाला चहा न देता वाटेला लावलं, ते याच रकान्यामुळे. मी गाडीवर बसताना भांडलेच मामांशी, काय बिघडलं असतं एक वाघ त्यांच्या पदरात टाकला असता तर? मामा मागून शांतपणे म्हणाले, "माणसं खोटं बोलत नाय गं. आठवण फुगते, दमट हवेत दार फुगतं तशी. पन दार बसवायचं तर रंधा मारावा लागतोच ना?"

लोकांना वाटतं, जुनं म्हणजे महाग. मामा म्हणतात, "जुनं म्हंजे नुसतं जुनं. मी पन जुना हाय." किंमत ठरते ती बनवणारा कोण, नळ्या, दस्ता आणि पुढचं लाकूड या तिन्हींवर एकच नंबर आहे का, नळीच्या भिंतीत किती पोलाद शिल्लक आहे, आणि मधल्या काळात कुणी हौशी माणसाने तिला 'नवी' केली आहे का, यावर. जुन्या नळीवर ताजा काळा रंग चढवलेला दिसला की मामांचा चेहरा सुतकी होतो. खोबरेल तेलाचा तर त्यांना विलक्षण संताप. ते घट्ट होऊन चापाच्या आतल्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, चिकटवतं. "डोक्याला लावा, वड्यांना लावा, तिला कशाला लावताय?" असं त्यांनी भल्याभल्यांना सुनावलं आहे. एका घरी तर चापच हलेना. मामांनी दातकोरण्याने अर्धा तास खरवडून आतून चाळीस दसऱ्यांचं हळदकुंकू बाहेर काढलं. घरच्या थोरल्या बाईंनी ते वाटीत गोळा करून देवघरात ठेवलं आणि मामांना वाकून नमस्कार केला.

फार्महाऊसवाले साहेब येतात ते आणखी वेगळे. त्यांना सोफ्याच्या वर भिंतीवर टांगायला 'काहीतरी अँटिक' हवं असतं. परवाना वगैरे विचारलं की ते हसतात. मामा त्यांना बसायला खुर्ची देतात, पाणी देतात आणि सांगतात, "साहेब, तुमी नांगर टांगा. त्याला परवाना नाय लागत." याउलट कडावच्या बाजूला एका घरात तांदळाच्या पिंपात गोणपाटात गुंडाळलेली बंदूक निघाली. तिच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याच्या तारेने बसवलेला बारीकसा दोनचा आकडा होता. मामांनी माझ्याकडून इंग्लंडला मेल लिहवून घेतला. मराठीत ते सांगत होते आणि माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी टाइप करत होते. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की ही जोडीने बनवलेल्या बंदुकांतली दुसरी; पहिलीचा ठावठिकाणा नाही. किंमत ऐकून घरचा मालक उडालाच. मामा मात्र उदास होऊन बसले. जोडी एकत्र असती तर मोल कितीतरी वाढलं असतं, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं, पण उदासी त्याची नव्हती. घरी येताना म्हणाले, "शंभर वर्सं झाली आसतील. दोघी एकमेकींना शोधत बी नसतील आता."

एवढं सगळं करणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरातली बंदूक मात्र कधी तपासली नव्हती. ती त्यांच्या वडिलांची. खालापूरकडच्या गावी भातात रानडुकरं यायची, तेव्हा वडिलांनी घेतलेली, साधी, बर्मिंगहॅमची. वडिलांमागे परवाना मामांच्या नावावर आला. दर रविवारी सकाळी आंघोळ करून ते तिला मशीनचं पातळ तेल लावायचे, मलमलीच्या फडक्याने पुसायचे आणि कपाटात ठेवून कुलूप घालायचे. पण टिचकी नाही, मापं नाहीत, नंबर बघणं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "घरच्या माणसाची किंमत काढत नसतात." कवळी बसवताना त्यांचा एक ठरलेला विनोद होता: "माझा खरा दात एकच शिल्लक हाय, आन तो बंदुकीत हाय." सात वर्षांचे असताना त्यांचा पहिला दुधाचा दात पडला. बाकीच्या घरांत तो कौलांवर टाकतात. त्यांच्या वडिलांनी दस्त्याच्या टोकाची पट्टी उघडून आतल्या पोकळीत ठेवून दिला आणि सांगितलं, आता बघ, नवा दात पोलादाचा येतो की नाही. सुतळीला नळ्या टांगून टिचकी मारायला शिकवलं तेही त्यांनीच. ही दाताची गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते, आणि खरं सांगायचं तर म्हातारपणच्या थट्टेपलीकडे मी तिला किंमत दिली नव्हती.

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर रसायनीच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. तिथल्या एका कोकणी मुसलमान घरातले चाचा अंथरुणाला खिळले होते. मुलगा साजगावला कारखान्यात. त्याला बंदूक, परवाना, नूतनीकरण हे काही नको होतं. डोळे मिटायच्या आत आपल्या हाताने बंदूक सरकारजमा करावी, असं चाचांनी ठरवलं होतं, पण त्याआधी ती काय आहे हे त्यांना कागदावर लिहून हवं होतं.

आम्ही गेलो. पडवीत खाटेवर चाचा, पंच्याऐंशीच्या घरातले, अंगाने काडी, आवाज मात्र खणखणीत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या मामांना त्यांनी "ये रं पोरा, बस" असं म्हटलं आणि मामा चक्क लाजले. चाचांच्या सुनेने पाणी दिलं, बंदूक आणून दिली. मी वही उघडून डावा रकाना लिहायला घेतला. "बापाची हाय," चाचा सांगत होते. "बाप गेला तवापासनं मी संभाळली. पोरं वाढवली तशी. दुसरं काय सांगू? वाघबिघ नाय मारला कुनी." मला तर हायसं वाटलं.

मामांनी हात धुतले, कवळी खिशात ठेवली, नळ्या टांगल्या आणि टिचकी मारली. आवाज लांब आला, पण विरता विरता एका टोकाला किंचित थरथरला. मामांनी पुन्हा टिचकी मारली. मग तिसऱ्यांदा. तीनदा त्यांनी आजवर कधीच मारलेली नव्हती. नंतर त्यांनी नळ्यांखालचा नंबर आरशात बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला. आणि मग विधीत नसलेली गोष्ट केली. पेचकस मागितला आणि दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकते ती पट्टी उघडली. आतल्या पोकळीतून विडीच्या बंडलाच्या कागदाची पुडी निघाली. पुडीत तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, दुधाचा दात.

तोंडात एकही दात नसलेला तो म्हातारा माणूस तळहातावरच्या आपल्या पहिल्या दाताकडे बघत बसला होता. चाचांना खाटेवरून काही दिसत नव्हतं. मामांनी पुडी पुन्हा होती तशी आत ठेवली, स्क्रू आवळले आणि म्हणाले, "चाचा, ऊन कमी झालं. मी परत येतो." सकाळचे अकरा वाजले होते.

पाताळगंगेच्या पुलाजवळ त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि कठड्यापाशी उभं राहून सगळं सांगितलं. शेवटी थरथरणारा तो आवाज त्यांच्या लहानपणचा होता, आणि आरशात दिसलेला नंबर त्यांच्याच परवान्यावरचा. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि निकालानंतर परत मिळतात, हे आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी अशाच एका निवडणुकीनंतर बंदूक आणायला, वडील आजारी म्हणून, मामा गेले होते. त्यांना दुपारची पाळी गाठायची होती. कोपऱ्यात बंदुकांची रास, चिठ्ठ्या दमट होऊन शाई पसरलेली. दोन बंदुका एकाच बनावटीच्या, एकाच दुकानातून एकाच वेळी आलेल्या, नंबरात फक्त शेवटच्या आकड्याचा फरक, सहा आणि आठ. मामांनी बोट दाखवलं, सही केली आणि एक उचलून निघाले. पुढे दर निवडणुकीला आणि नूतनीकरणाला आकडे जुन्या पानावरून नव्या पानावर उतरत गेले आणि मामांनी कधी घरच्या बंदुकीचा नंबर बघितलाच नाही.

"बाबांनी ती मांडीवर घेतली," मामा म्हणाले. "दस्त्यावरनं हात फिरवला आन म्हनाले, ठेव वर. येवढंच. तीन महिन्यांनी गेले." मग नदीकडे बघत त्यांनी विचारलं, "त्यांना कळलं आसंल का गं? कळलं आसंल तर शेवटचं तीन महिनं परक्या बंदुकीखाली झोपले ते. माझ्या एका पाळीपायी."

मी म्हटलं, आजारी माणूस, त्यांना कुठे एवढं समजतंय. मामांनी मान हलवली. त्यांच्या वडिलांचा हात कसा होता, ते मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं.

त्यानंतरच्या रविवारी कपाट उघडलं गेलं नाही. मामा जेवायला यायचे आणि अर्ध्या भाकरीवर उठायचे. मी स्पष्टच सांगितलं, की चाचांना काही कळवू नका, मरायला टेकलेल्या माणसाकडून त्याच्या बापाची वस्तू कशाला काढून घ्यायची? मामा म्हणाले, "दीडशे घरांत मी लोकांचं वाघ काढून घेतलं. आता माझ्यावर आलं तर उजवा रकाना कोरा ठेवू?"

आठव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. मामांनी खाटेजवळ स्टूल ओढून सगळं सांगितलं, दाताची पुडी उघडून दाखवली. चाचांनी पुडी डोळ्यांजवळ धरून बघितली. मग म्हणाले, "मंग माझ्या बापाची तुझ्याकडं हाय?"

"हाय."

"गंजली?"

"नाय चाचा. दर रविवारी तेल लावतो."

"कुठलं?"

"मशीनचं. पातळ."

चाचांचा चेहरा पडला. अपराधी माणसासारखं ते हळूच म्हणाले, "मी खोबऱ्याचं लावलं रं."

खोबरेल म्हटलं की ज्या माणसाचा पारा चढतो, तो चाचांच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "चालतंय."

सरकारजमा करण्याचा विचार चाचांनी त्या क्षणी सोडून दिला. बापाची बंदूक हातात येईपर्यंत मरत नाही, असं त्यांनी सुनेला बजावलं. मी दोघांच्या सहीचा अर्ज टाइप केला. ठाण्यातल्या साहेबांनी तो दोनदा वाचला, दोन्ही परवाने बघितले आणि म्हणाले, "नाहीतरी निवडणूक येतेच आहे. जमा करताना नंबर पोलादावरून लिहू, परत देताना ज्याची त्याला देऊ." तेव्हापासून चाचा रोज मुलाला विचारायचे, निवडणूक कधी लागते. उमेदवार सोडले तर तालुक्यात निवडणुकीची एवढी ओढ आणखी कुणालाच नसेल. पण त्यांनी मामांना एक अट घातली होती: "माझ्या बापाची तपासून, लिवून आन. सगळी. माझी समजून नको बघू, परक्याची समजून बघ."

म्हणून एका रविवारी सकाळी मामांनी आपल्या अंगणात चटई टाकली, हात धुतले, कवळी काढली आणि पंचेचाळीस वर्षं कपाटात असलेल्या त्या बंदुकीच्या नळ्या पहिल्यांदाच सुतळीला टांगल्या. आवाज स्वच्छ, सरळ आला, कुठेही न थरथरता. "किती चांगली हाय गं," मामा म्हणाले. "चाचांचा बाप जानकार व्हता." मापं झाली, नंबर झाला. सगळी तपासायची म्हणून मग त्यांनी दस्त्याची पट्टी उघडायला घेतली, आणि थबकले. स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या होत्या. कुणीतरी पेचकसाऐवजी सुरीचं टोक वापरलं होतं.

पट्टी निघाली. आत विडीच्या बंडलाच्या कागदाची पुडी होती. पुडीत एक दात होता. मोठा, झिजलेला, तंबाखूने काळवंडलेला, म्हाताऱ्या माणसाचा दात.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. मामांना लागला नाही. त्या तीन महिन्यांत कधीतरी, मामा कामावर गेलेले असताना, वडिलांनी बंदूक खाली काढून घेतली असणार. पट्टी उघडून पोराचा दात शोधला असणार. तो नाही म्हटल्यावर त्यांनी आपला पडलेला दात पुडीत बांधून तिथे ठेवला आणि पट्टी लावून टाकली. पोराने उद्या कधी उघडून बघितलं, तर त्याला तिथे दात सापडावा म्हणून.

"अहो बाबा," मामा बोळक्या तोंडाने हसत म्हणाले, "येवढा मोठा दात सात वर्साच्या पोराचा आसतो का?" आणि हसता हसता त्यांनी मलमलीचं तेलकट फडकंच डोळ्यांना लावलं. मी आत जाऊन उगाच चहा टाकला. रडणाऱ्या माणसापुढे मला उभं राहता येत नाही, आणि त्या दिवशी माझंही काही खरं नव्हतं.

निवडणूक झाली. निकालानंतर दोघांच्या बंदुका पोलादावरचे नंबर वाचून ज्याच्या त्याला मिळाल्या. चाचांचा मुलगा त्यांना रिक्षात घालून ठाण्यापर्यंत घेऊन आला होता. त्यांनी दस्त्यावर हात फिरवला आणि "वजन हेच" एवढंच म्हणाले. त्यांच्या अहवालात उजवा रकाना भरगच्च आहे, अशी तारीफ मामांनी कुठल्याच बंदुकीची केलेली नाही. वडिलांच्या बंदुकीचा अहवालही मामांनी माझ्याकडून टाइप करून घेतला. घरच्यांचे म्हणणे: वडिलांची आहे. बंदुकीचे म्हणणे: वडिलांची आहे. किमतीची ओळ मी विचारण्याआधीच त्यांनी खोडायला लावली. आता त्या दस्त्यात एकाच पुडीत दोन दात आहेत, आणि आतल्या कमानींना चाचांचं खोबरेल आहे. ते मामांनी अजून काढलेलं नाही.

रविवारी मात्र मला अजून गाडी काढावी लागते. चाचांच्या हाताला आता जोर नाही, म्हणून त्यांच्या बापाच्या बंदुकीला त्यांच्यासमोर मशीनचं तेल लावायला मामा जातात. परवा परतताना त्यांनी पुन्हा पुलावर गाडी थांबवायला लावली. कठड्याला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, मामा, चला, दुकान उघडायचंय. ते वळले, कवळी नीट बसवली आणि मागच्या सीटवर बसता बसता म्हणाले, "बाबांनी आपला दात ठेवला गं. पन मला एक शब्द बोलले नाय."

मी गाडी सुरू केली. दुकानाच्या दारावरची पाटी अजून काढायची होती.